जात्याला एक माईक, गळ्याला एक

कोरेगाव,
गुरुवार

आदरणीय लालासाहेब भावजी यांना शालनवहिनीचा नमस्कार पोचावा.

मी धडधाकट आहे. तुमची पुतणी प्रांजल तिच्या शाळेत रमली आहे (शिकवायला जाते, शिकायला नव्हे, तुमच्या डोळ्यांपुढे ती अजून दोन वेण्यांतली असेल म्हणून सांगितलं). परसातला कढीपत्ता छपराला टेकला. तुमची साखर आणि जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. दोन्ही एकाच वेळी बरे असल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात फोनला रेंज नसते. (प्रांजलला सापडते, पण ती तरुण आहे.)

पत्रास कारण असं की, तुम्ही फौजेत सिग्नलला सव्वीस वर्षं काढलीत. आवाज डोंगरापलीकडे कसा न्यायचा ते तुम्हाला ठाऊक. मला तो फक्त सोप्याच्या त्या टोकाला न्यायचा आहे. त्यासाठी कोणता स्पीकर घ्यावा, एवढाच सल्ला हवा.

आमचा ओव्यांचा कार्यक्रम तुम्ही अजून पाहिलेला नाही. आम्ही तिघी आहोत. बनुबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, त्या जातं ओढतात. रेश्मा झांज वाजवते आणि मधूनमधून हसते. मी गाते. डोहाळजेवण असो, बारसं असो, खरं जातं मांडून, खरे गहू घालून, खऱ्या ओव्या म्हणायच्या. लोक हौसेनं बोलावतात, आणि आम्ही गायला लागलो की हौसेनं गप्पा मारतात. दोष त्यांचा नाही; आवाजच पोचत नाही. गेल्या महिन्यात एका बारशाला मी सोळा ओव्या म्हटल्या आणि शेवटी यजमानीणबाई विचारतात, "आता सुरू करताय न्हवं?" त्या दिवशी बनुबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला कुणाला ऐकू गेलं नाही तर जातं घरी न्यायचं आणि त्यावर पापड वाळवायचे. बनुबाई बोलतात ते करतात. आणि भावजी, हे गाणं थांबलं तर मी दुपारी काय करायचं ते मला सुचत नाही. दुपारच लांब असते.

तेव्हा मी माळ्यावरून तुमच्या दादांचे कर्णे काढले. म्हटलं, माईकवाल्याच्या घरात आवाजाचा तुटवडा कशाला? दोन कर्णे, मशीन, आणि शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी असं सगळं जीपमध्ये घालून मेढ्याला डोहाळजेवणाला गेलो. पण हे कर्णे टेकडीवरून खालच्या तीन वाड्यांना ऐकवायला केलेले, आणि आम्ही ते बारा बाय पंधराच्या सोप्यात तोंडासमोर लावले. मी फक्त खाकरले. ओवी अजून पुढेच होती. पहिलटकरीण झोपाळ्यावरून उठून उभी राहिली, फुलांची वाडी निम्मी गळली, आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली ती खालच्या आळीत सापडली. ऐकू गेलं म्हणून बनुबाईंची तक्रार नव्हती. यजमानांची होती.

मग परवा साताऱ्याला गेलो. जातं घेऊन गेलो, कारण बनुबाईंचं म्हणणं, नवरी न बघता लग्न कसं ठरवायचं? जात्याचे दोन्ही दगड जुन्या लुगड्यात बांधून एसटीत पायाशी ठेवले. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, गठुड्यात काय हाय?" बनुबाई म्हणाल्या, "वाद्य हाय." त्यानं गाठोडं उचलून बघितलं आणि कंबर धरली.

दुकानदार विश्वजीत नावाचा, सोशिक माणूस. त्यानं पहिला स्पीकर काढला तो चाकांचा, पुढं लाल-निळे दिवे फिरणारा. चालू केल्यावर छातीत धाडधाड व्हायला लागलं. बनुबाई म्हणाल्या, "ह्यात गाणं कुठं हाय रं? कोण तरी दार बडवतंय नुसतं. उघड की त्येला." दुसरा एवढासा, पाण्याच्या बाटलीसारखा, पिशवीत मावणारा. मला आवडला होता. पण त्यातून माझा आवाज आला तो डब्यात बसून गायल्यासारखा, आणि माईकची भोकं बघावीत तर एकच. तिसरा काळा, साधा, वर मूठ असलेला, आठ किलोचा. एकदा चार्ज केला की सहा तास चालतो, वीज असो नसो. दोन माईक लागतात आणि दोघांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. जात्याला एक, गळ्याला एक.

हे सगळं मी त्याच्या माहितीपुस्तकातून वाचून काढलं, पहिल्या पानापासून. (विश्वजीत म्हणाला, हे पुस्तक वाचणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच बघितलं. त्याला काय माहीत, मी वाचायला शिकले तीच दवंडीच्या चिठ्ठ्यांवर. तुमच्या दादांना लोकांचं अक्षर लागायचं नाही. हरवलेली शेळी आणि आलेलं रेशन मी वाचून सांगायची, ते गावाला सांगायचे.)

दुकानातच जातं मांडलं. एक माईक खुंट्याशी धरला आणि बनुबाईंनी ओढायला सुरुवात केली. घरघर अशी भरून आली की समोरचा चपलांचा दुकानदार मालाची गाडी आली म्हणून बाहेर धावला. काउंटरभर पीठ झालं. दुसरा माईक विश्वजीतनं माझ्या हातात दिला. म्हणाला, "मावशी, बोला कायबी."

आणि मला काही आठवेना. तुम्हाला ठाऊक आहे, तुमचे दादा कुठंही माईक जोडला की काय म्हणायचे. "हॅलो, हॅलो, शालन, चहा टाक." देवळाच्या कळसावरून, शाळेच्या पटांगणातून, एकदा तर आमदारांच्या सभेच्या आधी. अख्खं गाव ऐकायचं, गाव हसायचं, मी घरात शिव्या देत चुलीवर भांडं ठेवायची. तेवीस वर्षं माईक त्यांच्या हातात आणि मी चुलीपाशी. आता माईक माझ्या हातात. तोंडातून निघालं ते एवढंच, "टाकलाय."

विश्वजीत काय समजला कोण जाणे, त्यानं लगेच चार चहा सांगितले. चांगला होता चहा.

तर बाटलीएवढा घ्यावा, की आठ किलोचा? येत्या नव्हे, त्यापुढच्या रविवारी गावातच रेश्माच्या भाचीचं, शिवांजलीचं, डोहाळजेवण आहे. तुमचा सल्ला आला की ठरवते. जाऊबाईंना गुडघ्याला एरंडेल चोळायला सांगा.

तुमची वहिनी,
शालन

ता. क. सल्ल्याची आता गरज नाही. आठ किलोचा घेतलाय, परवाच. चहा पिता पिता बनुबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि नव्या वस्तूला लावतात तसं त्याला हळद-कुंकू लावलं, बोटं भरून. कुंकू जाळीत गेलं ते निघेना. विश्वजीत म्हणाला, "आज्जी, अजून ठरलं कुठं हाय?" त्या म्हणाल्या, "कुंकू लागलं की ठरलं."

आणखी ता. क. रेंजचंही खरं नाही. तुमचे दादा गेल्यापासून, चार वर्षं, तुमचा फोन आला की मी तो प्रांजलच्या हातात देते, ते तुम्हाला लागलं असेल. भावजी, फोनवर तुमचा आवाज अगदी त्यांचा लागतो. तुम्ही 'वहिनी' म्हणायच्या आधी नुसतं 'हॅलो' म्हणता ना, तेवढ्यात माझे पाय चुलीकडे वळतात. एकटीनं, कानाशी धरून, मला ते झेपत नाही. पण भर दुपारी, चार बायकांत, मोठ्यानं, एकदा ऐकून घ्यावं म्हणते. म्हणजे पुढं फोन उचलता येईल.

त्या रविवारी सकाळच्या गाडीनं या. माईक तुम्ही तपासायचा. काय म्हणायचं ते ठाऊक आहेच. मधे 'वहिनी' घालू नका. नावानं हाक मारायला तुम्हाला अवघड वाटेल, पण गावाला सवय आहे. चहा मी टाकलेला असेलच. बिनसाखरेचा. तेवढं मात्र माईकवरून भांडू नका.