वास घेऊन दे

आई, आज तुझ्या नातीनं नानकटाई करायला घेतली. तू तिला पाहिलेलं नाहीस. अकरा वर्षांची आहे, नाक तुझं आणि हट्ट माझा. दिवाळीची सुट्टी लागलीय, मोबाईलवर कुणाचं तरी बघितलं आणि म्हणाली, "आई, एकदम सोप्पंय. मैदा, पिठीसाखर, तूप, चिमूटभर सोडा. तू फक्त बाहेर बस." बाहेर बस म्हणे! सोड्याची बरणी मी कपाटात कुलूप लावून ठेवते म्हणून सगळी बारामती मला हसते. तुझे जावई भाजीपाला करतात, पण फवारणीची एक पुडी मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. का, ते त्यांना ठाऊक आहे. सगळं नाही.

लासुर्ण्याच्या आपल्या घरात कुठलीही पांढरी पूड पिठात पडायच्या आधी तिचा वास घ्यायचा, हा तुझा कायदा होता. आबा टोमॅटोवर मारायचं औषध एका पंपाला एक अशा कागदी पुड्या बांधून ठेवायचे, आणि दुकानातला सोडाही तसल्याच कागदात यायचा. ओट्याच्या वरच्या फळीवर दोन्ही. तू आबांना किती वेळा बोललीस, ते "उचलतो गं" म्हणायचे आणि विसरायचे. मग तूच मला शिकवलंस, "वास घिऊन दे. नाकाएवढं इमानी कुणी न्हाय."

त्या दिवाळीला मीही अकराचीच. नानकटाई करायला आपण एसटीनं इंदापूरच्या बेकरीत जायचो. सामान आपलं, मळायचं तिथंच, पत्र्यावर गोळे लावायचे आणि भट्टीत द्यायचे. पिशवी मी भरली होती. चारच दिवसांपूर्वी माझ्या हातनं तेलाची बरणी फुटली होती आणि तू मला लाटण्यानं बडवलं होतंस, वळ अजून दुखत होते. निघताना तू म्हणालीस, "काय इसरली असशील तर आत्ताच बघ. तितं गेल्यावर रडू नगं. परत यायला गाडी न्हाय आन् पुन्यांदा नंबर न्हाय."

बेकरीत बायकांची ही गर्दी. तू कोपऱ्यात परात घेऊन बसली आहेस, तूप फेसून फेसून पांढरं केलंयस. तुला सर्दी झालीय, दंडाला नाक पुसतेस. "सोडा दे. माझं नाक बंद हाय, तू घे वास." मी पुडी सोडते, नाकाशी नेते. मागं उभी असलेली बाई म्हणते, "आटपा की ओ, आमची बी लेकरं वाट बघत्यात." तू माझ्याकडं बघतेस. मी म्हणते, "कसलाच येत न्हाय." तू पुडी परातीत झाडतेस.

पहिला पत्रा भट्टीतून निघाला की पहिली नानकटाई तू खायचीस, मग आम्ही. तू फुंकर मारून एक तोंडात टाकलीस. "कडू लागतीया का गं? का माझ्याच तोंडाला चव न्हाय?" आणि खात्री करायला दुसरी खाल्लीस. माझ्यापुढं धरलीस तेव्हा मी नको म्हणून मान हलवली. तू डबा भरलास, झाकण लावलंस. गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत तुला दरदरून घाम फुटला.

दवाखान्यात तीन दिवस तू शुद्धीवर नव्हतीस. आबांनी पुड्या पाहिल्या, एक कमी भरली, तेव्हा ते तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. डबा त्यांनी बांधाच्या कडेला खोल पुरला. चौथ्या दिवशी तू डोळे उघडून नीट बोललीस ती माझ्याशीच. "वास घेतला व्हतास न्हवं?" "व्हय. न्हाय आला." तू माझा हात धरलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "पोरीला कुणी काय बोलायचं न्हाय. तिनं तिचं काम केलं. त्या औशिदालाच वास नसंल." त्या दिवसापासून सगळं आबांच्या डोक्यावर बसलं. दिवाळीचं गोड त्यांनी पुन्हा तोंडात घातलं नाही. आणि तू, तू काय केलंस? पुढच्या वर्षी त्याच बेकरीत, सगळ्या बायकांसमोर, पुडी माझ्याच हातात दिलीस. "आमच्या पोरीचं नाक लई भारी हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं गं.

दोन उन्हाळ्यांनी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले कावीळ, त्या विषाचा याच्याशी संबंध नाही. त्यांचं ते बोलणं मी आजपर्यंत घट्ट धरून ठेवलंय.

आज दुपारी पोरगी मळता मळता अचानक गप्प झाली. मी दारातून विचारलं, काय झालं? "काही नाही." तो आवाज मी ओळखते. मी धावत गेले, भांडं उचललं, नाक खुपसलं. आई, मला काही कळलं नाही. लॉकडाऊनमधल्या त्या तापापासून मला वासच येत नाही. घरात कुणाला माहीत नाही. मी नुसती वाकते आणि मान हलवते. आजही वाकले, आणि भांडं सरळ मोरीत उपडं केलं, पोरीला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "काय घातलंस? बोल!" पिठीसाखरेऐवजी मीठ घातलं होतं तिनं. एवढंच. रडत रडत म्हणाली, "सांगणार होते. पण तू अशी करतेस ना."

मी तिचे खांदे सोडले. तुझं लाटणं माझ्याच हातात आलं होतं, आई.

आता तिनं पुन्हा मळलंय. मी हॉलमध्ये बसून हे लिहितेय. मघाशी आली, सोड्याचा चमचा पुढं धरून उभी राहिली. मी म्हटलं, "तूच घे वास." तिनं घेतला. "कसलाच येत नाही," म्हणाली. चेहरा एकदम सरळ, डोळ्यांत काही नाही. माझाही असाच होता. मी "घाल" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ट्रे आत गेलाय. बाहेर आला की पहिली मी खाणार, आणि मग तिला जवळ बसवून तुझी ती दिवाळी सांगणार. निदान आत्ता तरी तसं ठरवलंय. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तिच्या हाती लागायच्या आत चुलीत जाईल.

वास आला होता, आई. पुडी सोडल्या सोडल्या आला होता. दुसरी नानकटाई तू तोंडात घातलीस तेव्हाही तो माझ्या बोटांना येत होता.