शनिवारचं धुणं आणि वाफेचं युद्ध

लुडविका,
शनिवार (वार मुद्दाम लिहिला आहे, कारण पुढे कळेल)

आदरणीय वन्सं वालबोर्ग यांना सिगब्रिटचा नमस्कार. नव्या खुब्याला वाकणं मंजूर नाही, म्हणून उभ्यानेच केला आहे, तो तसाच गोड मानून घ्यावा.

तुमची तब्येत कशी आहे? हापारांड्यात एव्हाना बर्फ पडायला लागला असेल. तुमचा गुडघा, तुमचं पित्त आणि शेजाऱ्यांचा कुत्रा यांचं पुढे काय झालं ते सविस्तर कळवा. मागच्या पत्रात तिन्ही तक्रारी तुम्ही एकाच वाक्यात कोंबल्या होत्या, त्यामुळे दुखतं कोण आणि भुंकतं कोण ते मला नीट लागलं नाही. मी ठणठणीत आहे. माझी शाळा सहा वर्षांची, तीही बटाटे काढायच्या दिवसांत बंद, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नका. (तुम्ही शाळेत शिकवलंत ते मान्य, पण मागच्या वेळी माझंच पत्र लाल शाईने तपासून मला परत पाठवलंत. ते मी कपाटाच्या फळीवर अंथरलं आहे. मापात बसलं.)

त्याच तपासलेल्या पत्राखाली तुम्ही विचारलं होतंत की खुबा बदललेल्या बाईने कॉम्प्युटरवर वाफेच्या यंत्रांच्या लढाया खेळाव्यात, यात मजा ती काय? विचारलंतच आहे तर सगळं ऐका. चूल बंद करून या.

तुम्ही स्वतःच्या घरात राहता, तुमचं स्वतःचं मशीन आहे, तुम्हाला त्यातलं दुःख कळायचं नाही. आमच्या आख्ख्या इमारतीला तळघरात धुण्याची एकच खोली. ज्याची पाळी त्याने धुवायचं. तुमचा भाऊ होता तेव्हापासून (आणि एव्हर्ट गेल्यावर त्याचे विजोड मोजे संपल्यावरही) शनिवारची सकाळ माझी. शनिवारी माणसं घरी असतात. कोणी सायकल काढायला खाली येतं, कोणी कचरा टाकायला, माझा आवाज ऐकून दारात उभं राहतं, आणि चादरी पिळून होईतो मला सगळ्या जिन्याची बित्तंबातमी कळलेली असते. मी खुब्यासाठी हॉस्पिटलात गेले आणि आमच्या फोल्केने डाव साधला. फोल्के म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष. निवृत्त माणूस, हौस म्हणून जुन्या आगगाड्यांच्या संग्रहालयात इंजिनं पुसतो आणि स्वतः त्यांच्यापेक्षा जास्त धूर सोडतो. त्याने पाळ्यांचा लाकडी फळा काढून भिंतीवर पाळ्या नोंदवायचा कॉम्प्युटरचा पडदा बसवला, जुन्या पाळ्या रद्द केल्या, आणि नव्या वाटपात शनिवारची सकाळ कोणाच्या नावावर गेली असेल ते तुम्हीच ओळखा. मला आली मंगळवारची संध्याकाळ. मंगळवारी संध्याकाळी त्या तळघरात फक्त कपडे वाळवायचं यंत्र बोलतं, तेही एकच वाक्य घोळवत. मला माणसांची फार हौस आहे असं नाही, तुम्ही जाणताच. पण शुक्रवारी दुकानदाराला पिशवी नको म्हटलं की थेट सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कारण नाही, हा प्रयोग मी हॉस्पिटलातून आल्यावर करून पाहिला. मला तो मानवला नाही.

म्हणून मी दारावर चिठ्ठी लावली. (वर ‘नमस्कार!’ आणि खाली हसरा चेहरा. आपल्याकडे शिवी द्यायची तर तशीच देतात.) त्याने चिठ्ठीखाली चिठ्ठी लावली, मी तिच्याखाली लावली, असं करत दाराचा रंग दिसेना. शेवटी सोसायटीच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि कॉफी येण्याआधीच विषय काढला, त्यामुळे सगळे आधीच माझ्यावर नाराज. फोल्के मिशीत हसत म्हणाला, “सिगब्रिट, आपण असं करू. खाली धुण्याच्या खोलीशेजारच्या कॉम्प्युटरवर माझा वाफेच्या राज्यांचा खेळ आहे ना, त्यात हरव मला. शनिवार तुझा.” सगळे हसले. तळमजल्यावरची तूला नावाची बाई तेवढी हसली नाही. ती फिनलंडची आहे, ती उगाच हसत नाही. ती सभेची टिपणं लिहीत होती. तिने मान वर न करता विचारलं, “हे लिहू?” फोल्के ऐटीत म्हणाला, “लिही की!” आणि वन्सं, आपल्या देशात एकदा सभेच्या टिपणात आलं की मग परमेश्वरालासुद्धा पुढच्या वर्षीच्या सभेपर्यंत थांबावं लागतं.

आता तुमची मजा. नकाशा मधाच्या पोळ्यासारखा, सहा कोपऱ्यांच्या घरांचा. त्यावर तुमचं एक शहर, शहराच्या पोटात एक मोठा बॉयलर, तो गेला की हरलात. लोखंडी खेकडे असतात, घराएवढे, पाठीवर धुराडं. पितळी पंख्यांची हवाई जहाजं असतात. एक फेरी तुमची, एक समोरच्याची. यंत्र हललं की कोळसा खातं. घाई असेल तर दाब वाढवायचा, खेकडा दोन घरं जास्त धावतो, पण काटा तांबड्यात गेला की फुटतो. पहिल्या मंगळवारी धुणं लावून मी एकटीच बसले, कॉम्प्युटरलाच प्रतिस्पर्धी केला आणि सगळ्यांचा दाब एकदम वाढवला, कारण मला वाटलं वाफ म्हणजे वाफ, जितकी जास्त तितकी बरी. माझं शहर माझ्याच हातून उडालं. शत्रू अजून घरातून निघालाही नव्हता. तूला कपडे न्यायला आली होती, तिने पडद्याकडे पाहिलं, म्हणाली, “झालं का जिंकून?” आणि खुर्ची ओढून बसली. तेव्हापासून तिचा मंगळवारही बिघडला.

पण उडालं ते का उडालं, हे मला कळलं! हीच तर मजा. त्या खेळात फासे नाहीत, जादू नाही, वरून कोणी वीज पाडत नाही. सगळी चाकं, दट्ट्ये, नळ्या उघड्यावर. खेकडा थांबला, कारण कोळसा नाही. कोळसा नाही, कारण तुम्ही मघाशी उधळलात. शत्रूची जहाजंही समोर दिसतात, काही लपवलेलं नाही, तरी माणूस फसतो तो स्वतःच्या हुशारीने. हरलात तर दोष द्यायला कोणी सापडत नाही, एवढी एकच वाईट गोष्ट त्यात आहे. आणि दिसायला काय देखणं! माझा खेकडा पाय उचलतो तेव्हा आधी सुस्कारा टाकतो, मग कण्हतो, मग निघतो. नव्या खुब्याची बाई पलंगावरून उठते तशीच. मला तो घरचाच वाटला.

सगळ्यांत मोठं सुख म्हणजे आपली फेरी. आपण चाल संपवत नाही तोवर समोरच्याने हात मांडीवर ठेवून बसायचं. आयुष्यात मला कोणी वाक्य पुरं करू दिलं नाही. तुमच्या वडिलांनी नाही, तुमच्या भावाने नाही, आणि राग मानू नका, तुम्ही तर नाहीच. इथे मी खेकडा पुढे नेते, मागे आणते, कॉफी करते, पुन्हा पुढे नेते, आणि सगळं जग थांबलेलं असतं. मग ‘एवढी एक फेरी आणि उठू’ असं म्हणते. त्या एका फेरीत माझे बटाटे जळाले, दाताच्या डॉक्टरची वेळ टळली (दात आपोआप बरा झाला), आणि प्रार्थनेला न गेल्यामुळे मी आजारी आहे असं समजून पाद्रीबाई फुलं घेऊन आल्या. त्यांना मी फुलं ठेवा आणि गप्प बसा म्हटलं, कारण माझ्या पुलावर जहाज आलं होतं. त्या बसल्या. जाताना विचारत होत्या, दाब कधी वाढवायचा म्हणून.

सामन्याच्या दिवशी खालच्या बैठकीच्या खोलीत मोठा पडदा केला, म्हणजे माझीच पांढरी चादर, मंगळवारी धुतलेली. सगळी इमारत आली. फोल्केच्या बायकोने दालचिनीचे बन आणले. सुरुवातीला फोल्केने मला धुऊन काढलं, खोटं कशाला सांगू. त्याची जहाजं आभाळभर, आणि माझे खेकडे खाली चिखलात. प्रत्येक फेरीनंतर मिशीला पीळ. मी माझ्या फेरीला उठून पलीकडे धुणं वाळत घालायला गेले. (तूलाने त्या दिवशीची पाळी घेतली होती, कपडे निम्मे माझे.) परत आले तर फोल्के बोटांनी टेबल बडवत होता.

“सिगब्रिट, चाल करतेस की जेवूनच येतेस?”

“या खेळात घड्याळ नाही रे फोल्के. तूच सांगितलंस.”

“मी खेळाबद्दल सांगितलं, चादरींबद्दल नाही!”

“मग बस. उशांचे अभ्रे राहिलेत अजून.”

माणूस चिडला की कोळसा जास्त जाळतो, हे त्या खेळाच्या नियमांत लिहिलेलं नाही, पण खरं आहे. त्याने सगळी जहाजं एकदम पुढे काढली. आणि या खेळात कोळसा येतो खाणींतून, आणि खाणी संपत जातात बरं का. रिकामी झाली की नकाशावरून पुसली जाते. होता होता मधोमध एकच खाण उरली. शेवटची. माझा एक खेकडा तिच्या जवळ, त्याची जहाजं डोक्यावर. फोल्के त्या खाणीवरून दोनदा गेला. दोनदा! पण उतरला नाही. मला कळेना, हा कसला सापळा? मी विचार करायला नजर फिरवली तर समोर टेबलावर बनाची ताटली. एकच बन उरला होता. म्हणजे उरला कसला, कोणीतरी त्याचा अर्धा घेतला होता, पुढच्याने त्या अर्ध्याचा अर्धा, आणि आता सुरीला चिकटेल एवढा तुकडा सगळ्यांकडे बघत बसला होता. आपल्याकडे शेवटचं उचलायचं नाही म्हणजे नाही. त्या क्षणी मला फोल्के आरपार दिसला. सापळाबिपळा काही नव्हता. बिचाऱ्यावर चांगले संस्कार झाले होते.

आधीच्या फेरीत त्या खाणीपाशी माझाही हात मागे आला होता, वन्सं. हाडात मुरलेलं असतं ते. पण मग मला मंगळवार आठवला आणि ते वाळवायचं यंत्र. मी दाब वाढवला, काटा तांबड्याच्या कडेवर थरथरला, खेकडा दोन घरं जास्त धावला आणि त्या खाणीवर बूड टेकून बसला.

सगळ्या खुर्च्या एकदम पुढे सरकल्या.

“सिगब्रिट,” फोल्के म्हणाला, “ती शेवटची होती.”

“दिसलं मला.”

“अगं, विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तू म्हणाला असतास घे ना, मी म्हणाले असते छे, तूच घे, आणि तेवढ्यात तुझी जहाजं माझ्या छपरावर.”

“मी तर केव्हाच घेतली असती,” तूला म्हणाली, आणि हात लांब करून तिने तो बनाचा तुकडा तोंडात टाकला. फोल्केच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

फोल्के अजून संपला नव्हता. उरल्यासुरल्या कोळशावर त्याने सगळी जहाजं माझ्या शहरावर सोडली. कोळसा संपून एकेक करून वाटेत बसत गेली, पण त्यातलं मोठं माझ्या बॉयलरच्या शेजारच्या घरापर्यंत पोचलं. एक घर! आणि फेरी माझी. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त चाल संपवायची होती. मी विणकाम काढलं. एक ओळ विणली. मग कळ दाबली. जहाजाने पुढे यायचा प्रयत्न केला, पंखे दोनदा फिरले, आणि ते इतक्या सावकाश, इतक्या थाटात खाली बसलं की जणू कोणी रजई अंथरावी. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. शेवटचं घेतलं म्हणून नावं ठेवणारेसुद्धा! फोल्केने उठून हात पुढे केला. “नीट खेळलीस,” म्हणाला. हातात जोर होता, तेव्हा मनापासून असावं. टिपणात तूलाने लिहिलं : शनिवार सकाळ, सिगब्रिट. खाली त्याची सही. मी ती नोंद वाचली, पुन्हा वाचली, आणि तिसऱ्यांदा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

तर आज शनिवार. चादरी धुऊन, वाळवून, घड्या घालून हे लिहायला बसले आहे, आणि कोणाच्या घरी काय चाललं आहे ते सगळं मला पुन्हा माहीत आहे. मजा काय असते ती अशी असते. कुत्र्याला माझा आशीर्वाद सांगा.

तुमची भावजय,
सिगब्रिट

ता. क. आता शनिवारी नुसते धुणेकरी येत नाहीत, माणसं घरून खुर्च्या घेऊन येतात. दोन मशीन फिरतात आणि मधल्या टेबलावर युद्ध. फोल्केलाही मी त्याचे काजळलेले कपडे एका मशीनमध्ये टाकू देते, पण त्याने विचारायला हवं. पाद्रीबाई दाब फार वाढवतात. या सगळ्यांना कॉफी लागते, आणि माझी कॉफीची किटली एकट्या बाईच्या मापाची. तुमच्या आईची ती तांब्याची मोठी किटली, गवत कापायला आलेली सगळी माणसं जिच्यातून प्यायची, ती सासूबाई गेल्या त्या दिवशी तुम्ही ‘सांभाळायला’ म्हणून हापारांड्याला नेलीत. तुम्ही तर चहा पिता. तेव्हा ती जाड कागदात गुंडाळून पोस्टाने पाठवावी, ही विनंती.

दुसरा ता. क. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत आहे. म्हणून बँकेच्या कामाला घेतलेल्या तुमच्या कॉम्प्युटरवर हा खेळ येईल, अशी व्यवस्था तूलाने केली आहे. पणाला किटली. मी हरले तर एव्हर्टचं खिशातलं घड्याळ तुमचं, त्यावरही तुमचा डोळा होताच. माझी पहिली चाल झालेली आहे, आता फेरी तुमची. हवा तेवढा वेळ घ्या, मी वाट बघेन. फक्त तोवर किटली व्हिनेगर आणि मीठ लावून घासून ठेवा. आतूनसुद्धा.