जज्जबाईंपुढे ‘बरं आहे’

बार्न्सली,
गुरुवार, चहानंतर

तीर्थरूप हिल्डाताईस,

धाकट्या क्लिफचा नमस्कार. तो उभ्यानेच केलाय असं समज, डॉक्टरने मला कमरेतून वाकायची मनाई केली आहे. तुझा गुडघा कसा आहे? ब्रिडलिंग्टनला समुद्रावरचा वारा फार बोचरा झाला असेल. खालच्या दुकानातला मासे तळल्याचा वास अजून वर तुझ्या खोलीत येतो का? आम्ही इकडे खुशाल आहोत. ब्रेंडाची तब्येत उत्तम आहे, फक्त मंगळवारपासून ती नवऱ्याशी मोजकं बोलते. त्याचं कारण आता सांगतो. घाबरू नकोस. आधी चहा ओतून घे.

कर्जवाल्यांनी आपल्याला कोर्टात खेचलं, ताई. घरावरचे पाच हप्ते थकले, आता घरच द्या म्हणतात. हप्ते थकले कसे, तर जानेवारीत मी पन्हळीतला पाला काढायला शिडीवर चढलो आणि खाली आलो. (शिडी वरच राहिली. चांगली शिडी आहे, शेजारच्या नॉर्मनची.) तुला मी तेव्हा ‘पाय जरा मुरगळला’ असं कळवलं होतं. खरं सांगायचं तर खुब्याचं हाड मोडलं होतं. पाच महिने बस हाकता आली नाही, डेपोतून पगार म्हणून जे आलं त्यात वाणसामान भागलं म्हणजे पुष्कळ. माणसाने असल्या गोष्टी पत्रात लिहून दुसऱ्याच्या जिवाला घोर लावू नये, असं आईनेच नाही का शिकवलं आपल्याला?

आता कर्जवाले काही राक्षस नव्हेत. दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडली एक बाई फोन करायची, अगदी गोड आवाजात ‘कसे आहात?’ विचारायची. आता कोणी कसे आहात विचारलं, तर भला माणूस काय म्हणेल? मी म्हणायचो, बरं आहे, तक्रार काही नाही, तुमच्याकडे पाऊस आहे का? मला काय ठाऊक की ती बया हे सगळं लिहून घेते! कोर्टात त्यांच्या वकीलबाईंनी ती वही वाचून दाखवली. तीन फेब्रुवारी, ग्राहक म्हणतो बरं आहे. सतरा फेब्रुवारी, ग्राहक म्हणतो झकास आहे, आमच्या हवापाण्याची चौकशी केली. अशी पाच महिन्यांची नोंद. ऐकताना मलाच वाटायला लागलं की हा इसम लबाड आहे.

पण तुला मधलं सांगायचं राहिलं. कोर्टाकडून कागद आले, त्यात उत्तर लिहायचा एक फॉर्म होता. ब्रेंडा म्हणाली, जाणत्या माणसाला विचारून भर. मी म्हटलं, त्यात काय विचारायचं? बसलो स्वयंपाकघरात चष्मा लावून. ‘हप्ते का थकले’ याला चांगली अर्ध्या पानाची जागा होती. मी लिहिलं, ‘पायाला थोडं लागलं होतं. तसदीबद्दल क्षमस्व.’ मग खर्चाचे रकाने. परक्या माणसापुढे आपलं मटण, कोळसा आणि मोजे काय मांडायचे! कपड्यांचा खर्च शून्य, करमणूक शून्य, दाताचा डॉक्टर शून्य. ब्रेंडाने वाचलं आणि म्हणाली, ‘म्हणजे कोर्टात नागडाच जाणार का?’

मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी कोर्टात हजर. तिथे ऑल्ड्रॉइड नावाचे एक सल्लागार बसतात, फुकट सल्ला देतात, आधी येईल त्याला आधी. माझा पहिला नंबर. इतक्यात एक पोरवडा घेऊन बाई आली, तिला म्हटलं तुम्ही व्हा पुढे. मग एक म्हातारबुवा काठी टेकत आले, त्यांनाही म्हटलं. (काठी माझ्याही हातात होती, पण त्यांची जुनी दिसत होती.) मग एक जण आला त्याला गाडी गाठायची होती. असे अकरा जण मी पुढे घातले, ताई, आणि अकराही जण ‘तुम्हाला चालेल ना?’ विचारून गेले. बारावा म्हणून मी उठतोय तोच आत माझ्या नावाचा पुकारा झाला. ब्रेंडा एवढंच म्हणाली, भीड भिकेची बहीण.

आत जज्जबाई. चेहरा मायाळू, आपल्या मावशीसारखा. त्यांनी माझा फॉर्म वाचला, उलटा करून पाहिला, आणि विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, नाही बाईसाहेब, बरं चाललंय. मग त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, मिस्टर हेपवर्थ, तुम्हाला अडचण नाही, खर्च नाही, आणि तुम्ही पैसेही भरत नाही. मग घर त्यांना का देऊ नये ते तुम्हीच सांगा.

ताई, चोवीस वर्षं राहतोय त्या घरात. आणि तेवढ्यात ब्रेंडा उठली. ‘बाईसाहेब, ह्या माणसाचं हाड मोडलंय हाड! स्ट्रेचरवर घालून नेत होते तरी अँब्युलन्सवाल्यांना म्हणतो, उगाच तुम्हाला त्रास! घर गेलं तरी कुलूप बदलणाऱ्याला हा चहा विचारेल!’ आणि रडायला लागली. माझी ब्रेंडा, जी कुणाच्या मयतीतही रडत नाही. मला इतकी लाज वाटली, आणि इतका तिचा अभिमान वाटला, की मीही रुमाल काढला. कर्जवाल्यांच्या वकीलबाईंनीही नाक शिंकरलं. (त्यांना पडसं होतं म्हणतात.)

जज्जबाईंनी अठ्ठावीस दिवसांनी पुढची तारीख दिली. म्हणाल्या, ऑल्ड्रॉइडसाहेबांकडे बसून नवा फॉर्म भरा, आणि ह्या वेळी खरं लिहा. चालू हप्ता आणि वर थकबाकीतलं थोडं थोडं भरता येतंय असं दिसलं, तर घर राहील. मी आता पुन्हा बस हाकतो. सगळं खरं लिहून झाल्यावर महिन्याला फक्त साठ पौंड कमी पडतात. बाकी सर्व ठीक.

गुडघ्याला जप. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
क्लिफ

ता. क. मागची खोली रंगवली आहे. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. जिना चढायला नको. हे आपलं सहज.

ता. क. २. ब्रेंडा म्हणते सहज काय, सरळ लिही. बरं. हॅरल्डभावोजी गेल्यापासून तीन वर्षं तू फोनवर ‘बरी आहे’ म्हणतेस. तुझं बरं म्हणजे काय ते मला मंगळवारी कळलं. तीन जिने चढून वर जातेस आणि मोरीपाशी उभ्यानेच पाव खातेस, हे तुझ्याकडे येऊन गेलेल्या नॉर्मनच्या बहिणीने सांगितलं. मला तुझी फार आठवण येते, ताई.

ता. क. ३. नवा फॉर्म आज सकाळी ब्रेंडाने पोस्टात टाकला. ‘भाडेकरू’ या रकान्यात, शाईने, तुझं नाव आहे, महिना साठ पौंड, येत्या वीस तारखेपासून. खाली ‘वरील सर्व खरं आहे’ म्हणून माझी सही आहे. खोट्याखाली सही केली तर तुरुंग, असं ऑल्ड्रॉइड म्हणाले. तू आलीस की ते खरं होईल.