पॉइंटांवर परदेश: माझी बाजू

आदरणीय ताई यांना,

काटेमास्तरांचा साष्टांग नमस्कार (हे नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा तेच लिहितो). तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा लावता की कपाटात ठेवलात? तो माझ्या कार्डावर घेतला होता, म्हणून लक्षात राहिला. भावजींचा खोकला कमी झाला असेलच. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे दोन माणसांच्या घरात एकच माणूस राहिला की जितपत ठीक असतं तितपत.

काल फोनवर तुम्ही मला बरंच ऐकवलंत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला घेऊन घराबाहेर पडलो आणि अर्ध्या वाटेत तिला एकटीला विमानात बसवून परत आलो, असं तुमचं म्हणणं. तुमची बहीण तिकडे तुमच्या लेकीकडे पोचली आहे, मजेत आहे आणि माझा फोन उचलत नाही. तिची बाजू तुम्ही ऐकलीत. माझी कोणी ऐकलेली नाही. ती लेखी असावी म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावरही तुम्हाला मीच चुकलो असं वाटलं तर खुशाल वाटू द्या, मी मागे हटणार नाही.

मुळात तिकिटं आली कुठून, हे विसरू नका. आमच्यासारख्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला परदेश कोण दाखवणार? तिच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षांपूर्वी एक कॅलेंडर होतं, त्यातल्या ऑक्टोबरच्या पानावर परदेशातला एक पूल होता. नोव्हेंबर लागल्यावर ते पान तिने फाडून आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. योगायोगाने तुमची लेक लग्न होऊन त्याच गावात गेली. त्यानंतर साडी काढताना रोज एकदा पूल. बोलायची काही नाही, पण साडी काढायला इतका वेळ लागत नाही हे मला कळतं. म्हणून मी बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं, त्यावर खरेदी केली की पॉइंट साठतात आणि पॉइंटांवर विमानाची तिकिटं मिळतात. तीन वर्षं एक माणूस पॉइंटांसाठी काय काय करू शकतो ते केलं. शेजारच्या दाताच्या डॉक्टरांची नवी खुर्ची माझ्या कार्डावर आली. आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप माझ्या कार्डावर. तुमचा फ्रिज (दोन दारांचा घ्या, असा आग्रह मीच धरला होता, आता कारण कळलं असेल) माझ्याच कार्डावर. औषधाच्या दुकानात पुढच्या माणसाने पाकीट काढलं की मी म्हणायचो, तुम्ही रोख मला द्या, कार्ड मी घासतो. लोक हसले. एकदोघांनी मला चोर समजून पाकीट परत खिशात घातलं. मी नाकावर टिच्चून दोन तिकिटं मिळवली आणि त्यावर विमानतळावरच्या खास खोलीचा प्रवेशही. दोघांना, फुकट. ही माझी कमाई आहे आणि तिच्याबद्दल मी कोणापुढे मान खाली घालणार नाही.

आता पॉइंटांचं विमान सरळ जात नाही, हे मान्य. ते मधल्या एका देशात उतरवतं आणि सात तास बसवून ठेवतं. पण त्यासाठीच तर ती खोली. तुम्ही पाहायला हवी होती, ताई. पाय पसरता येतील अशा खुर्च्या, अंघोळीला गरम पाणी, तीन प्रकारचं सूप आणि संपूर्ण शांतता. त्या खोलीत विमानांच्या घोषणाही होत नाहीत (शांतता ही सवलतीतच धरलेली आहे, हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं). तुमची बहीण अंघोळ करून आली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, इथेच राहिलो तरी चालेल. इतकं खुशीत तिला मी फार दिवसांनी पाहिलं. हे ती तुम्हाला बोलली नसेल. बोलली का? विचारा.

आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. चांगलं ताटाएवढं, नि बंद. दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं. सुतार डुगडुगत्या टेबलावर जेवू शकेल का? मी दोन सूप पिईपर्यंत दम धरला. मग तिथल्या पोक्त वाढप्याला खुणा करून विचारलं. त्याला माझी भाषा येत नव्हती आणि मला त्याची, पण बंद घड्याळ सगळ्यांनाच खुपत असतं. त्याने स्वतः खुर्ची आणून धरली. माझा बारीक पेचकस तपासणीत काढून घेतला होता, म्हणून लोण्याची सुरी आणि तुमच्या बहिणीची सेफ्टी पिन वापरली. सेल बरा होता, आतल्या पत्र्याला गंज चढला होता. खरवडला, सेल बसवला, घड्याळ चालू. वाढप्याने माझ्या पाठीवर थाप मारली. आता फक्त वेळ लावायची होती, ती मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहून लावली.

इथे तुम्ही म्हणाल, तिथेच घोटाळा झाला. म्हणा. तो देश आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि मी मनगटावरचे काटे हलवले नव्हते. का हलवावेत? आमच्या वडिलांची दुकानातली एकच शिस्त होती: बरोबर चालणाऱ्या घड्याळाला हात लावायचा नाही. माझं घड्याळ आठवड्याला दोन सेकंदसुद्धा चुकत नाही. उतरताना ती म्हणाली होती, अहो, इथली वेळ लावून घ्या. मी म्हणालो, घड्याळ बरोबर आहे, देश पुढे आहे. (आजही हेच म्हणेन.) मनात अडीच तास मिळवायचे, एवढंच तर काम होतं, आणि एरवी मी ते केलंही असतं. पण हातात काम आलं की डोक्यात दुसरं काही राहत नाही. तेवढ्यात ती येऊन म्हणाली, चला, वेळ झाली. मी खुर्चीवर उभा, दोन्ही हातांत घड्याळ. मी म्हणालो, अजून भरपूर वेळ आहे, तू हो पुढे, मी हे टांगून आलोच.  ती म्हणाली, तुमचं हे कायमचंच आहे. आणि पर्स उचलून गेली.

कायमचं म्हणजे काय, ताई? तुमचे वडील दवाखान्यात होते तेव्हा वॉर्डातलं घड्याळ मी उतरवलं होतं आणि ते चालू होईपर्यंत भेटीची वेळ संपली होती, हे खरं आहे. तिच्या लॅबच्या निरोप समारंभात मी मागच्या खोलीत घड्याळ उघडून बसलेला सापडलो, हेही खरं आहे. पण दोन-चार वेळा घडलं म्हणजे कायमचं होतं का? बरं, तीन-चार म्हणा.

थोडक्यात, विमान गेलं. मी एकटाच राहिलो असं नाही. सारख्या टोप्या घातलेलं सहा जणांचं एक गाणाऱ्यांचं पथकही भिंतीवरच्या घड्याळाच्या भरवशावर सूप पीत बसलं होतं. खिशात फोन असून भिंतीवर विश्वास ठेवणारी माणसं जगात अजून आहेत, मला त्यांचा आदर वाटतो. त्यांना माझ्याबद्दल तसं वाटलं नाही. मग मी कार्डाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात, असं पाऊण तास ऐकल्यावर एक बाई बोलल्या. कार्डावर प्रवासाचा विमा आहे. सामान हरवलं तर भरपाई मिळते, माणूस मागे राहिला तर मिळत नाही. पुढचं तिकीट बुडालं, आणि उरलेल्या पॉइंटांत फक्त घरी परतता येत होतं. मी आलो. त्या खोलीत एकूण एकोणीस तास राहिलो, म्हणजे परदेश मी पाहिलाच आहे. निघताना घड्याळ नीट त्यांच्या वेळेवर लावून आलो, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

तुम्ही काल सांगितलंत की विमानात शेजारची जागा रिकामी पाहून हवाईसुंदरीने तिला विचारलं, यजमान कुठे आहेत, आणि ती म्हणाली, ते कामात आहेत. हे तुम्ही मला लाजवायला सांगितलंत. पण यात खोटं काय आहे? मी कामातच होतो. तरी ते वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. दुकानात एका गिऱ्हाइकाला मी दुसऱ्याचंच घड्याळ दिलं, असं आयुष्यात झालं नव्हतं.

तुमच्या लेकीने पुलावरचा फोटो पाठवला. डोळ्याला भिंग लावून पाहिला (दुरुस्तीचं, दहापट मोठं दाखवणारं). वाटलं, चेहऱ्यावर कुठे थोडं वाईट वाटलेलं दिसेल. नाही दिसलं. पुलाच्या अगदी मधोमध उभी आहे, वाऱ्याने केस उडताहेत, हसते आहे. पण अंगात स्वेटर माझा आहे. आमची दोघांची बॅग एकच होती, ती तिच्याबरोबर गेली. तिचा स्वतःचा स्वेटर त्याच बॅगेत वरच होता, मीच घडी करून ठेवला होता. खाली हात घालून तिने माझा काढला. थंडी असेल, मी त्यातून काही अर्थ काढत नाही. कपाटाच्या दारावरचं पान मात्र मी काढलेलं नाही.

तर माझी बाजू ही अशी. मी चुकलो असं मला वाटत नाही आणि मी माफी मागणार नाही. भावजींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचे,
काटेमास्तर

ता. क. सोबत एक छापील फॉर्म आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठवा. ते कार्ड आहे, तुम्हाला एक वर्ष फुकट. माझ्या शिफारशीने कोणी कार्ड घेतलं की मला पॉइंट मिळतात, आणि तिकिटाला नेमके तेवढेच कमी पडताहेत. परतीचं नको, जाण्याचं पुरे. भावजींनाही हवं असेल म्हणून दुसरा फॉर्म ठेवला आहे, तोही भरूनच ठेवला आहे.

आणखी ता. क. पॉइंट जमा व्हायला पंधरा दिवस लागतात आणि ती बारा दिवसांनी निघते आहे. तेव्हा टपालाचे दिवस धरून तिला आणखी तीन आठवडे थांबायला सांगा. मी सांगितलं असं सांगू नका. किंवा सांगा. मी चुकलो नाही असं वर लिहिलं आहे, ते तिला वाचून दाखवू नका, तोंडी काय सांगायचं ते तुम्हाला कळतंच.

शेवटचं. मी आलो तर चालेल का, एवढंच विचारा. नको म्हणाली तर पत्राने कळवा, तेवढेच चार दिवस बरे जातील. ये म्हणाली तर फोन करा, कितीही वाजले असले तरी.