बिनमिठाचे बटाटे

६ जून १९६०, सोमवार
डॉक्टरांनी ह्यांचं मीठ तोडलं. रक्तदाब वाढलाय, पायांवर सूज. काल बिनमिठाची बटाट्याची भाजी वाढली तर ताट सरकवलं. आज सकाळी म्हणे, सोमवार धरलाय. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने महाशिवरात्रसुद्धा धरलेली नाही! उपासाचे बटाटे करून दिले. जिरं, मिरची, दाण्याचं कूट, सैंधव. दोनदा मागून घेतले, मग बंगळूरच्या चिकपेटेतल्या दुकानाला गेले. मला बरं वाटलं.

९ जून, गुरु.
आता गुरुवारही. शनिवारही धरणार म्हणे. शेजारच्या कमलाक्का नुसत्या हसतात. का ते सांगत नाहीत.

११ जून, शनि.
कळलं. सैंधव! उपासाला चालतं म्हणजे ते मीठच नव्हे, असं ह्यांचं गणित. माझंही तेच, खोटं कशाला लिहू. डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते कानडीत म्हणाले, "उप्पु अंदरे उप्पे, अम्मा." कुठलंही असो, मीठ ते मीठच. सूज वाढलीय.
सैंधवाची बरणी कमलाक्कांकडे ठेवून आले. ह्यांनी अबोला धरलाय. धरू देत. मला माणूस हवाय, रुसलेला का असेना.

१४ जून, मंगळ.
बटाटे चिरून, कांद्यावर परतून. अगदीच सपक. हे म्हणाले, यापेक्षा दवाखान्यात बरं जेवण मिळेल. जीव चरकला.

१६ जून, गुरु.
सालासकट उकडले. सुरी नाही, हातानेच फोडले, ओबडधोबड. लोखंडी तव्यावर खरपूस होईतो हलवलेच नाहीत. लिंबू उतरवल्यावर. पुष्कळ बरे, पण उपासाचे म्हणून कांदा नाही, फोडणी नाही. काहीतरी कमी पडतंय.

१९ जून, रवि.
आज उपास नाही, मग हात कशाला आखडायचा? लसूण ठेचला भरपूर. भरडलेले धणे, सुकी मिरची, कढीपत्ता. खरपूस कडांना सगळं चिकटलं. लिंबू.
हे पोटभर जेवले. मग तवाच मागितला आणि खरवड काढून खाल्ली. उद्याला वरी भिजवू का, विचारलं.
"उपासाला लसूण चालत नाही ना?"
नाही, म्हटलं.
"मग उपास नको. हेच कर."
हसू आवरेना. आत जाऊन रडलेसुद्धा, वेड्यासारखी.
संध्याकाळी पाय चेपायला बसले. घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला. परवा पडला होता तेवढाच.
"उतरलीय का गं?"
"स्वल्प," म्हटलं, डॉक्टरांसारखं कानडीत. थोडीशी. गुरुवारी डॉक्टर बघणार आहेत.