लग्नाचा पहिला पापड

मी, सगुणा हिरामण घरत, वय बासष्ट, धंदा पोह्याच्या पापडांचा, राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाची बळजबरी नाही. डोके ठिकाणावर आहे; त्याच्यावरच एवढी वर्षे धंदा चालला. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व मागची पडवी मुलगा सुजय याला द्यावी, मात्र कलम चारची अट पाळून. तो नागोठण्याला कंपनीत आहे, शिफ्टमुळे त्याला आईकडे बघायला फुरसत नसते, असे तो सांगतो.

२. पडवीतली खिळ्यांची फळी मैनाला द्यावी. मैना निडीहून रोज गाडीने येते आणि बायकांचे काम तीच सांभाळते. सुजय लोकांना सांगतो की फळी ही आईची हौस. हौस कसली डोंबलाची! हे गेले तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्या फोडल्या, डब्यातल्या कोऱ्या राहिल्या. तेरावे झाले आणि थोरली जाऊ धोंडुबाई पडवीत येऊन सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "लग्नाच्या पापडाला हिचा हात नको लागायला." माझ्यासारखा पापड तेव्हा आळीत कोणी लाटत नव्हते, आणि हे तिला चांगले ठाऊक होते. पण धंदा लग्नाच्या ऑर्डरींवर उभा होता. मी पोळपाट सोडला आणि दारात बसून कामाची आखणी करू लागले.

बायकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येकीला एक खिळा आणि वर तिची खूण, कोणाचा मासा, कोणाची कोयरी. खिळ्यावर डब्यातली हिरवी बांगडी म्हणजे पीठ घरी नेले, पिवळी म्हणजे पापड वाळत आहेत, लाल म्हणजे परत आले. मोकळा खिळा म्हणजे बाई मोकळी. फळीकडे बघून मी गिऱ्हाइकाला तारीख द्यायची.

३. सुजयने रोह्याहून आणलेला पांढरा बोर्ड त्याने लोहचुंबकांसकट परत न्यावा. त्यावर इंग्रजीत वार छापले आहेत. बायका शिकतील म्हणाला. कोण शिकवणार, ते नाही बोलला.

याच मुलाचे लग्न रोह्याला झाले, तेव्हा मुलीकडच्यांनी रुखवताचे पापड आमच्याकडूनच नेले होते. मांडवात त्याने मला बाजूला घेतले. म्हणाला, "आई, रुखवताकडे तू नको येऊस. लोक नावं ठेवतील." मी आतल्या खोलीत बसून राहिले. जेवायला बोलवायला आली ती नवी सून अनिता. माझ्या पाटल्या अनिताला द्याव्यात.

४. धंदा, त्याचे नाव, गिऱ्हाइके, पोळपाट-लाटणी, सगळे मैनाला. पडवीत धंदा चालवायचा तिचा हक्क कायम राहील. मैना माझ्यासारखीच विधवा आहे, आणि पापड कोणी लाटले हे गिऱ्हाईक विचारते म्हणून लग्नाची ऑर्डर तिलाही देता येत नाही. तर अट अशी: माझी नात मनस्वी हिच्या लग्नाचे पापड याच पडवीत लाटावेत, आणि सवाष्णीने लाटायचा तो पहिला पापड मैनाने लाटावा, पाहुण्यांदेखत. सुजयने अडवले तर घर त्याचे नाही, मनस्वीचे. मला या घरातून दुसरे काही नको होते. माझा पोळपाट हवा होता. तो माझ्या हातातून घेतला, आणि हे मी कोणालाही माफ केलेले नाही.

५. माझ्या दिवसांना पापड तळू नयेत.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. धोंडुबाईला साक्षीला मी मुद्दाम बोलावले. काळुरामभावजी गेल्यापासून तिलाही लग्नघरात कोणी पुढे करत नाही. ऐकून झाल्यावर तिने पदर खोचला. मग म्हणाली, "मैनाच्या बाजूला माजंपण नाव लिव गो सगुणा. येक पापड मीपण लाटीन."

वकीलसाहेबांनी तिला समजावले की साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवू नये. हवे तर साक्षीला दुसरे माणूस घेऊन हिचे नाव आत घालू, बाहेर त्यांचा कारकून बसला आहे, असेही ते मला म्हणाले.

मी म्हटले, नको. साक्षीला हीच राहू दे.

ठिकाण: पेण
तारीख: ११ मार्च १९९६

सही: सगुणा हिरामण घरत

साक्षीदार:
१. दत्तात्रेय केशव गुरव, वकील, पेण (सही)
२. धोंडुबाई काळुराम घरत, पेण (डाव्या हाताचा अंगठा)