दोन्ही बाह्या डाव्या

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहून झालं आणि लक्षात आलं की मी खुर्चीत बसलेली आहे. पत्राची सुरुवातच खोटी नको म्हणून उठून जमिनीपर्यंत वाकून नमस्कार केला आणि मग पुन्हा बसले. शेजारच्या टंकलेखकबाईंना वाटलं माझं पेन पडलं, त्याही शोधायला वाकल्या. अजून शोधत आहेत.) मधली सुट्टी आहे, कागद माझा स्वतःचा आहे, शाईसुद्धा घरून आणलेली आहे. तुमचा गुडघा जिना चढताना अजून वाजतो का? मामीचा खोकला गेला का, की तिने फक्त तुमच्यासमोर खोकायचं बंद केलं आहे? मशीनचा पट्टा बदलून घेतलात का? इकडे मी ठीक आहे. जेवते, फिरते, झोपते. (झोपते हे जरा सैल माप झालं. पडून असते.)

मामा, तुम्ही मला कापायच्या टेबलाखाली बसवून अक्षरं शिकवलीत. मी आयुष्यात पहिला शब्द वाचला तो ‘बाही’, खाकी कागदावर तुमच्या खडूने लिहिलेला. आणि धडा पहिला हाच, की टेप गिऱ्हाईकाच्या मनाप्रमाणे ओढायची नाही. पोट जेवढं आहे तेवढंच लिहायचं, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. त्या धड्यानेच मला अडचणीत आणलं आहे. रागावून नाही लिहीत. नुसतं कळवते आहे.

आमच्या संग्रहालयात नवं दालन उघडतं आहे हे तुम्हाला माहीत आहेच. देशाचे मोठे नेते राजकारणात येण्याआधी पोटासाठी काय करत होते, ते तिथे मांडायचं. संचालकसाहेबांनी आधी नाव ठेवलं होतं ‘सत्तेपूर्वीचे हात’. मग कोणीतरी म्हणालं की लोक सत्तेनंतरच्या हातांची चौकशी करतील, म्हणून आता नुसतं ‘पूर्वी’ एवढंच आहे. प्रत्येक काचपेटीखालच्या कार्डावर तीन ओळी लिहायचं काम माझ्याकडे आहे, आणि कार्डातला मजकूर खरा असल्याची सही फायलीत मी करायची आहे. वाटतं तेवढं हे सोपं नाही. एक राष्ट्राध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या घरच्यांनी चिमटा पाठवला, तो आम्ही ठेवला, पण वर्तमानपत्रात बातमी वाचून एका वृद्ध गृहस्थांनी एक दात पाठवला आहे, सोबत चिठ्ठी, की हा चुकीचा काढला होता, तोही चिमट्याशेजारी ठेवावा. मी ठेवावा म्हणते, साहेब नको म्हणतात, दात माझ्या खणात आहे. दुसरे एक पंतप्रधान नावेवर तिकिटं तपासत. त्यांची टोपी मिळाली. तिसऱ्यांचं मात्र मोठं अवघड झालं. खूप शोधलं तरी ते राजकारणापूर्वी काही करत असल्याचं सापडेना. साहेब म्हणाले, “चिंतन लिहा.” मी पुरावा मागितला. तेव्हा त्यांच्या घरची आरामखुर्ची आणवली. बैठक मधोमध चांगलीच खोल गेली आहे, म्हणून मी सही केली.

राहता राहिले सध्याचे पंतप्रधान, जे आपल्या प्रत्येक भाषणात ‘मी मूळचा शिंपी’ म्हणतात, आणि ज्यांना तुम्ही दुकानातून काढून टाकलं होतंत. हे मी साहेबांना सांगायला नको होतं. पण त्यांनी विचारलं, तुमचे कोणी नातेवाईक या नेत्यांशी संबंधित आहेत का, आणि मी सरळ सांगून टाकलं. साहेब चक्क खूश झाले. त्यांच्या हातची एखादी वस्तू मिळेल का म्हणाले. म्हणून मागच्या खेपेला मी तो राखाडी कोट मागून आणला. तुम्ही किती हौसेने दिलात, आणि मी रिक्षात बसले तरी दारातून सांगत होतात की दोन्ही बाह्या त्याने डाव्याच लावल्या हे लिहायला विसरू नकोस.

मी विसरले नाही. कार्ड असं लिहिलं: ‘तरुणपणी यांनी एका शिंप्याकडे उमेदवारी केली. काजं-बटणं शिकले. एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यामुळे त्यांना काढून टाकण्यात आलं.’ तीन ओळी, सगळं मापात.

साहेबांनी वाचलं आणि ते खाली बसले. “दोन्ही डाव्या? अहो, पंतप्रधान मध्यममार्गी आहेत. एक तरी उजवी दाखवा.” मी म्हटलं, साहेब, बाही दाखवता येत नाही, शिवलेली आहे. तर म्हणाले, मग कोट भिंतीकडे असा वळवा की एकच दिसेल. वळवून पाहिला. जी दिसली तीही डावीच. (दोन्ही डाव्याच असल्यामुळे दुसरं काही होणं शक्यच नव्हतं, पण ते त्यांना सांगायला मला उशीर झाला. तोवर शिपायाने पेटी चार वेळा फिरवली होती.)

तेवढ्यात ते कार्ड पंतप्रधानांच्या खाजगी सचिवांकडे गेलं आणि त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरले. म्हणाले, “पंतप्रधानांनी ही उमेदवारी कुठल्या साली केली? आमच्या माहितीप्रमाणे ते एकही निवडणूक हरलेले नाहीत.” मी सांगायला लागले की ही उमेदवारी तसली नव्हे, कामावर शिकायला राहतात ती. पण लाइन खरखरत होती. ते पुढे म्हणाले, “आणि त्यांना काढून टाकणारे हे शिंपी कोण?” म्हटलं, माझे मामा. “कोणत्या पक्षाचे?” मामा, त्या क्षणी मला एकच उत्तर सुचलं आणि ते अगदी खरं होतं. मी म्हटलं, मातृपक्षाचे. पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, नोंदणी झालेला आहे का.

तेव्हा दुकानात कोणी अनोळखी माणूस आला, आणि मापं न देता तुमची सभासदसंख्या विचारू लागला, तर कृपा करून शांतपणे सांगा की तुम्ही शिंपी आहात. गंमत करू नका. तुमची गंमत त्यांच्या फायलीत जाते. (‘आमचा पक्ष लवकरच सत्तेवर येतोय’ असं तुम्ही नक्की म्हणाल, म्हणून लिहिते आहे.)

हे सगळं निस्तरल्यावर साहेबांनी स्वतः दुसरं कार्ड लिहून दिलं: ‘तरुणपणी यांनी शिवणकलेत असाधारण प्रावीण्य मिळवलं.’ त्याखाली मी सही करायची आहे. मी म्हटलं, समोर दोन डाव्या बाह्या लोंबत असताना कसं लिहू? साहेब माणूस वाईट नाही. मऊ आवाजात म्हणाले, “तुमची नोकरी अजून कच्ची आहे, बाई. दालन नीट उघडलं की पक्की होईल. उगाच बाह्या सरसावू नका.” म्हणजे मीसुद्धा उमेदवारच, आणि निवडून न येताच माझी उमेदवारी संपायची वेळ आली आहे. शनिवारी कार्डं रंगाऱ्याकडे जातात. सही केली तर तुमचा पहिला धडा गेला, नाही केली तर नोकरी गेली. भाडं, आईची औषधं, हे तुम्हाला काय सांगायचं.

आणि काल पंतप्रधान अचानक दालन बघायला आले. सोबत सचिव होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते विरोधी पक्षाकडे पाहावं तसं. खुर्चीपाशी पंतप्रधान हसले, टोपीपाशी थांबले नाहीत, पण कोटापाशी बराच वेळ उभे राहिले. दोन्ही कार्डं पेटीवर तशीच पडली होती. हे कोणी लिहिलं म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतः खुर्चीच्या पेटीमागे गेले. मी कोण ते सांगितलं. “म्हणजे भाची तू. मास्तर अजून तोंडात टाचण्या धरूनच ओरडतात का?” मी हो म्हटलं. मग ते माझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलले आणि निघून गेले. काय बोलले ते सगळे मला विचारत आहेत. मी कोणाला सांगितलेलं नाही.

मामा, माझी मागणी लहानशी आहे. एका कागदावर दोन ओळी लिहून पाठवा, की त्या बाह्या त्यानेच लावल्या, आणि खाली सही करा. तेवढा कागद असला तर मी साहेबांसमोर उभी राहीन. सुट्टी संपत आली. मामीला नमस्कार. (तोही प्रत्यक्ष उठून केला. टंकलेखकबाई आता माझ्याकडे बघतच नाहीत.)

तुमच्या टेबलाखाली शिकलेली,
तुमची भाची

ता. क. पंतप्रधान काय बोलले ते लपवणं म्हणजेही टेप ओढणंच, म्हणून लिहिते. ते म्हणाले, “पोरी, बाह्या मी लावल्या नाहीत. मी फक्त काजं करायचो. मास्तरांना ताप होता, त्यांच्याच हातून चुकलं असणार. मी गिऱ्हाइकासमोर बोललो, म्हणून मला काढलं. पण हे तू लिहू नकोस, म्हाताऱ्याला वाईट वाटेल.” मामा, ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. तुम्हीही कधी खोटं बोलत नाही. मग बाह्या लावल्या कोणी?

ता. क. दुसरा. राहवलं नाही म्हणून संध्याकाळी दुकानाच्या शेजारी फोन केला. तुम्ही बटणं आणायला गेला होतात. मामी आली. मी सगळं सांगितलं. तिने आधी भरपूर खोकून घेतलं. मग म्हणाली, “त्या मी लावल्या.” तुम्ही तापात बडबडत होतात, गिऱ्हाईक सकाळी येणार होतं, तो पोरगा काजं करून घरी गेला होता, म्हणून रात्री तिने मशीनवर बसून बाह्या लावून टाकल्या. तुम्ही उठाल आणि शाबासकी द्याल असं तिला वाटलं होतं. सकाळी तुम्ही त्या पोरावर ओरडलात, तो उलट तुमच्यावर घसरला, आणि मधे बोलायला तिला जागाच मिळाली नाही. “मग वर्षं गेली,” म्हणाली, “आणि तो मेला पंतप्रधान झाला. आता कुठल्या तोंडाने सांगू? तूच लिही मामांना.”

म्हणून तुमच्या दोन ओळी आता नकोत. मी कार्डावर लिहिणार आहे की त्यांनी काजं केली आणि काजं चांगली आहेत. काल भिंग लावून पाहिली, खरोखरच चांगली आहेत. प्रावीण्य नाही म्हणणार, पण चांगली म्हणेन, आणि त्याखाली सही करीन. साहेबांनी मला काढलं तर निदान न केलेल्या चुकीसाठी काढलं असं होणार नाही. बाह्यांबद्दल एक ओळ उरते आहे. तिथे ‘या बाह्या दुकानाच्या मालकीणबाईंनी लावल्या’ असं लिहायचं आहे, आणि त्यासाठी तुमची परवानगी हवी. शनिवारच्या आत.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना आठवलं की मोतीबिंदू झाल्यापासून तुमची पत्रं मामीच तुम्हाला वाचून दाखवते. मामी, तू पहिल्या सहीपाशी थांबणार होतीस ना? थांबू नकोस. मधेच खोकूही नकोस. त्यांच्या तोंडातल्या टाचण्या आधी काढून ठेव आणि मग मोठ्याने वाच.